लॉग टेबल कसं वापरायचं: 'बार'शी अडणाऱ्या बारावीच्या मुलांसाठी

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. बारावी सायन्सला आहे. फराळाचं ताट बाजूला सरकवून तिने रसायनशास्त्राची वही उघडली आणि अर्ध्या तासाने रडवेली होऊन माझ्याकडे आली. गणित साधं होतं: द्रावणाचा पीएच ३.७४ आहे, हायड्रोजन आयनांची संहती काढा. तिने अँटीलॉगच्या (म्हणजे लॉगवरून मूळ संख्या देणाऱ्या) टेबलात .७४ बघितलं, ५४९५ मिळालं, आणि ५.४९५ गुणिले १० चा उणे तिसरा घात असं उत्तर लिहिलं. पुस्तकात मागे उत्तर होतं १.८२ गुणिले १० चा उणे चौथा घात. "मावशी, सूत्र बरोबर, टेबलही नीट बघितलं, मग इतका फरक का?"

फरक तीस पटीचा होता. ही चूक मला तोंडपाठ आहे. गेली सव्वीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते आणि दरवर्षी निम्म्या वर्गाच्या उत्तरपत्रिकेत मला ती दिसते. माझ्या स्वतःच्या बारावीच्या पेपरात मीही नेमकी हीच चूक केली होती आणि निकाल लागेपर्यंत ती मनात सलत होती. बोर्डाच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. म्हणजे वर्षभर शिकलेलं सगळं शेवटी या चार पानांतून जातं. तेव्हा ती चार पानं नीट यायलाच हवीत. भाचीला जसं शिकवलं, तसंच इथे लिहिते.

आधी प्रश्न समजून घ्या

लॉग म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर: १० चा कितवा घात केला की ही संख्या मिळेल? १०० साठी उत्तर २, १००० साठी ३. मग ५०० साठी? दोन आणि तीनच्या मधलं काहीतरी. नेमकं २.६९९०. हे 'मधलं काहीतरी' कुणीतरी आधीच मोजून ठेवलंय, तेच टेबलात छापलेलं असतं.

ते कुणी मोजलं हेही वर्गात मी आवर्जून सांगते. स्कॉटलंडमधल्या जॉन नेपिअर नावाच्या जमीनदाराने १६१४ मध्ये लॉगची कल्पना आणि पहिली कोष्टकं छापली. लंडनच्या ग्रेशम कॉलेजातले हेन्री ब्रिग्ज हे प्राध्यापक ती वाचून इतके भारावले, की पुढच्याच वर्षी नेपिअरला भेटायला थेट एडिंबरोला गेले. आज आपण वापरतो ती १० पायाची पद्धत त्या दोघांच्या चर्चेतून ठरली. ब्रिग्ज यांनी १६२४ मध्ये १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० या संख्यांचे लॉग छापले, तेही दशांश चिन्हानंतर चौदा घरांपर्यंत. यंत्र नाही, काही नाही. आपल्याला तर फक्त चार घरं वाचायची आहेत.

आपल्याकडेही याच्या फार जवळचा विचार होऊन गेलाय. नवव्या शतकातले जैन आचार्य वीरसेन यांच्या धवला टीकेत 'अर्धच्छेद' हा शब्द येतो. एखादी संख्या किती वेळा निम्मी केली की १ उरतो, ती वेळांची संख्या म्हणजे अर्धच्छेद. ३२ चे अर्धच्छेद पाच. आजच्या भाषेत हा २ पायाचा लॉग.

टेबल वाचणं

हे काम बोटाने करू नका, पट्टीने करा. परीक्षेच्या घाईत बोट एक ओळ खाली घसरतं आणि पुढचं सगळं चुकतं.

३९.४८ चा लॉग बघू. दशांश चिन्ह क्षणभर विसरा, अंक आहेत ३, ९, ४, ८. डावीकडच्या रकान्यात ३९ शोधा आणि त्या ओळीखाली पट्टी ठेवा. आता वरच्या ४ या अंकाखालच्या रकान्यात या: ५९५५. पट्टी न हलवता उजवीकडे मीन डिफरन्सच्या भागात (चौथ्या अंकासाठी किती मिळवायचं ते इथे असतं) ८ खाली बघा: ९. दोन्हींची बेरीज ५९६४. हा झाला मँटिसा, म्हणजे लॉगचा दशांश चिन्हानंतरचा भाग: .५९६४.

एक सावधगिरी. १० ते १९ या ओळींत बहुतेक टेबलांत मीन डिफरन्सच्या दोन-दोन ओळी असतात. वरची ओळ ० ते ४ या रकान्यांसाठी, खालची ५ ते ९ साठी. मुलं सर्रास वरचीच घेतात. आपलं टेबल कसं छापलंय ते परीक्षेआधी घरी एकदा निवांत बघून ठेवा.

आता दशांश चिन्हाला परत बोलवा. ३.९४८, ३९.४८, ३९४.८ या तिन्ही संख्यांचा मँटिसा एकच, .५९६४. फरक फक्त पुढच्या पूर्णांकात, ज्याला आपण कॅरेक्टरिस्टिक म्हणतो. तो काढायला पुस्तकात 'चिन्हाच्या डावीकडचे अंक मोजा आणि एक वजा करा, चिन्हानंतरची शून्यं मोजा आणि एक मिळवा' असे नियम असतात. मी ते शिकवायचं कधीच सोडून दिलं. संख्या वैज्ञानिक पद्धतीने लिहा, १० चा जो घात येईल तोच कॅरेक्टरिस्टिक. ३९.४८ म्हणजे ३.९४८ गुणिले १० चा पहिला घात, म्हणून लॉग १.५९६४. आणि ०.०३९४८? ३.९४८ गुणिले १० चा उणे दुसरा घात. इथे येतो तो 'बार'.

बार म्हणजे देणं

०.०३९४८ चा लॉग आपण बार २.५९६४ असा वाचतो, २ च्या डोक्यावर आडवी रेघ. त्या रेघेचा अर्थ इतकाच, की उणे चिन्ह फक्त २ ला आहे. मागचं .५९६४ अधिकच आहे. टेबलात छापलेला मँटिसा नेहमी अधिक असतो. उणे मँटिसा टेबलात सापडणारच नाही, कारण तो तिथे छापलेलाच नाही.

भाचीला हे काही केल्या पटेना. मग मी तिला विचारलं, "पावणेचार म्हणजे काय?" ती म्हणाली, "चाराला पाव कमी." बरोबर! आपल्या आजीच्या हिशेबात हे आधीच आहे. तुम्ही कुणाचे पावणेचार रुपये देणं लागता, म्हणजे चार रुपयांचं देणं आणि चार आण्यांचं येणं. उणे ३.७५ म्हणजे बार ४.२५. देणं नेहमी पुऱ्या रुपयांत, येणं नेहमी सुट्ट्या पैशांत.

आता तिचं गणित. पीएच म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीचा लॉग, चिन्ह उलटं करून. पीएच ३.७४, म्हणजे लॉग उणे ३.७४. पुरं देणं ४, येणं .२६. बार ४.२६. अँटीलॉगच्या टेबलात .२६ बघा: १८२०. पुढे बार ४, म्हणून १.८२० गुणिले १० चा उणे चौथा घात. तिने उणे ३.७४ मधलं .७४ थेट टेबलात बघितलं होतं. ते .७४ सुद्धा देण्यातलंच होतं, त्यामुळे ते टेबलात न्यायचंच नव्हतं.

कच्च्या कामाच्या जागेत मी मुलांना दर वेळी ही मधली ओळ लिहायला लावते: 'उणे ३.७४ = बार ४.२६'. ती ओळ दिसली की बहुतेक वेळा उत्तर बरोबरच असतं.

वजाबाकी आणि वर्गमूळ

गुणाकारासाठी लॉगची बेरीज करायची, भागाकारासाठी वजाबाकी, आणि वर्गमुळासाठी लॉगला २ ने भागायचं. बेरजेत फारसं अडत नाही, मँटिसाच्या बेरजेतला हातचा १ देण्यातून वळता करायचा, झालं. वजाबाकीत मात्र सांभाळा. ०.०२ भागिले ०.००३ करायचंय. बार २.३०१० मधून बार ३.४७७१ वजा. .३०१० मधून .४७७१ जात नाहीत, म्हणून पूर्णांकातून १ उसना घ्या. उसना दिला की देणं वाढतं: बार २ चा बार ३ होतो. आता १.३०१० वजा .४७७१ म्हणजे .८२३९. बार ३ मधून बार ३ गेला, शून्य. लॉग ०.८२३९, उत्तर ६.६६७. तोंडी पडताळा: २० भागिले ३. जुळलं.

सगळ्यात जास्त गुण जातात ते वर्गमुळात. ॲसेटिक आम्लाच्या १ मोलर द्रावणाचा पीएच काढायचा आहे. वियोजन स्थिरांक १.८ गुणिले १० चा उणे पाचवा घात. हायड्रोजन आयनांची संहती म्हणजे त्याचं वर्गमूळ. १.८ चा लॉग .२५५३, तेव्हा बार ५.२५५३ ला २ ने भागायचंय. इथे मुलं बार २.६२७६ पासून उणे २.६२७६ पर्यंत काहीही लिहितात.

देण्याघेण्याचा हिशेब पुन्हा मांडा. पाच रुपयांचं देणं दोघा भावांत वाटायचंय, पण वाटणी पुऱ्या रुपयांतच हवी. पाचाचे दोन सारखे पुरे भाग होत नाहीत. मग देणं सहा करा आणि जास्तीचा एक रुपया येण्यात टाका: बार ६ अधिक १.२५५३. आता भागा. बार ३, आणि .६२७६. म्हणजे बार ३.६२७६. अँटीलॉगमध्ये .६२ ची ओळ, ७ चा रकाना ४२३६, मीन डिफरन्स ६, एकूण ४२४२. संहती ४.२४२ गुणिले १० चा उणे तिसरा घात. पीएच ३ वजा .६२७६, म्हणजे २.३७.

घनमूळ असेल तर देणं तिनाच्या पटीत न्यायचं. पद्धत तीच.

एक पूर्ण गणित, प्रॅक्टिकलमधलं

साध्या लंबकाचं जर्नल सगळ्यांनी लिहिलेलं असतं. समजा दोऱ्याची परिणामी लांबी ९८.२ सेंटिमीटर आहे आणि २० दोलनांना ३९.८ सेकंद लागले, म्हणजे दोलनकाल १.९९ सेकंद. गुरुत्व त्वरण काढायला चार पायचा वर्ग गुणिले लांबी, भागिले दोलनकालाचा वर्ग.

चार पायचा वर्ग ३९.४८. त्याचा लॉग वर काढलाच आहे, १.५९६४. ९८.२ चा लॉग १.९९२१. बेरीज ३.५८८५. १.९९ चा लॉग ०.२९८९, वर्गासाठी दुप्पट, ०.५९७८. वजा केल्यावर २.९९०७. आता अँटीलॉग: .९९ ची ओळ, ० चा रकाना ९७७२, मीन डिफरन्समध्ये ७ खाली १६, एकूण ९७८८. कॅरेक्टरिस्टिक २, म्हणून पहिल्या तीन अंकांनंतर दशांश चिन्ह. उत्तर ९७८.८ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग.

कॅल्क्युलेटरवर हेच ९७९.० च्या जवळ येतं. चार घरांच्या टेबलात चौथा अंक एखाद-दुसऱ्याने मागेपुढे होतोच, त्याने गुण जात नाहीत. मुंबईच्या अक्षांशावर खरी किंमत ९७८.६ च्या आसपास आहे. तुमचं उत्तर ९७.८८ किंवा ९७८८ आलं तर मात्र लंबकाला दोष देऊ नका, कॅरेक्टरिस्टिक तपासा.

२.३०३ कुठून येतो

केमिस्ट्रीत हा आकडा सगळीकडे भेटतो आणि मुलं तो पाठ करतात. निसर्गातल्या वाढीचा आणि क्षयाचा हिशेब ई या संख्येच्या पायावर सुटसुटीत होतो, पण आपल्या हातातलं टेबल १० च्या पायाचं. एका पायावरून दुसऱ्यावर जायला २.३०३ ने गुणायचं, एवढंच. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेत अर्धायुकालाच्या सूत्रातला ०.६९३ म्हणजे २.३०३ गुणिले २ चा लॉग .३०१०. गुणून बघा.

यावरूनच जुन्या कोळशाचं वय निघतं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाण युगातली वस्ती सापडली, तिथल्या थरांचा काळ ठरवताना कार्बन १४ ची पद्धत वापरली गेली. समजा कोळशाच्या एका तुकड्यात मूळच्या ६५ टक्केच कार्बन १४ उरलाय. अर्धायुकाल ५७३० वर्षं. ०.६५ चा लॉग बार १.८१२९. एक रुपया देणं, .८१२९ येणं, म्हणजे निव्वळ देणं .१८७१. त्याला .३०१० ने भागा आणि ५७३० ने गुणा: सुमारे ३५६० वर्षं. प्रत्यक्षात संशोधक यावर आणखी दुरुस्त्या करतात, पण गाभा हाच.

टेबलाच्या बाहेर

बँकेतले पैसे दुप्पट कधी होतील? दरसाल ७ टक्के चक्रवाढ असेल तर .३०१० भागिले १.०७ चा लॉग, जो .०२९४ आहे. सव्वादहा वर्षं. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक तांदूळ आणि पुढे दर घरी दुप्पट, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. एकूण दाणे किती अंकी? ६४ गुणिले .३०१० म्हणजे १९.२६, तेव्हा वीस अंकी संख्या. गुणाकार न करता कळलं.

डेसिबल हेही लॉगच. ध्वनीची तीव्रता दहापट झाली की १० डेसिबल वाढतात, दुप्पट झाली की फक्त ३. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीसमोर ९५ भरले, तर कुणी म्हणेल 'पावणेदोन पटच ना?' फरक ४० चा आहे, म्हणजे १० चा चौथा घात, दहा हजार पट. घरात तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर हा आकडा असा उलगडून समजून घ्यायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणि भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. मी तेव्हा बारावीत, लातूरला खोली घेऊन राहत होते. किल्लारीचं कळल्यावर पुढे कित्येक दिवस पेपरात भूकंपाचा आकडा वाचत होते आणि मला तो इतका लहान वाटायचा, की हजारो माणसं गेली याच्याशी त्याचा मेळच लागेना. आमच्या सरांनी फळ्यावर लॉग काढून दाखवला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ही मोजपट्टी साधी नाही. एक अंक वाढला की कंपनाचा आयाम दहापट आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट.

आज वर्गात मी हे गणित घेते. किल्लारीची तीव्रता ६.२, २६ जानेवारी २००१ च्या भुजची ७.७. फरक १.५. ऊर्जेसाठी फरकाला १.५ ने गुणायचं: २.२५. अँटीलॉगमध्ये .२५ समोर १७७८, कॅरेक्टरिस्टिक २, म्हणजे १७७.८. भुजला किल्लारीच्या जवळजवळ १७८ पट ऊर्जा बाहेर पडली. मग किल्लारीत इतकी माणसं का गेली, असं कुणीतरी विचारतंच. भूकंपाचं केंद्र उथळ होतं, घरांच्या भिंती दगड-मातीच्या, छपरं जड आणि लोक गाढ झोपेत होते. लॉग ऊर्जा मोजतो, घर किती पक्कं आहे ते मोजत नाही. हे सांगताना वर्गात दर वर्षी शांतता होते, कारण निम्म्या मुलांच्या घरी त्या रात्रीची काहीतरी आठवण असते.

घरी करून बघा

भाचीला मी शेवटी तीन गणितं दिली होती, तीच तुम्हाला देते. टेबल, पट्टी आणि घड्याळ समोर ठेवा, तिन्हींना मिळून बारा मिनिटं.

पहिलं: ०.०४५६ गुणिले ७.३२, भागिले ०.००१२८. दुसरं: पीएच ८.३५ असेल तर हायड्रोजन आयनांची संहती. तिसरं: ०.०२५८ चं घनमूळ.

उत्तरं: २६०.८, ४.४६७ गुणिले १० चा उणे नववा घात, आणि ०.२९५४. तिसऱ्याचं उत्तर ०.२९५५ आलं तरी बरोबर धरा. ते चुकलं असेल, तर बार २ चा बार ३ करून भागलंत का, हे आधी बघा. भाचीचंही पहिल्या वेळी तिथेच अडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी तिने तिन्ही बरोबर सोडवली, नऊ मिनिटांत.